शिक्षक : कर्तव्य आणि विसावा



शाळा सुटली तरी शिक्षकाचे काम सुटत नाही. वह्यांचा गठ्ठा घरी येतो, पाठाचे टाचण रात्री होते. कामाच्या अशा न आवरलेल्या दीर्घ ताणाची तीन लक्षणे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये नोंदविली : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा आणि कार्यक्षमतेतील घट. यांतील दुराव्याची किंमत मूल मोजते. मागच्या बाकावरील मुलाची चुकलेली बेरीज शेजारी बसून समजावणारा शिक्षक एके दिवशी नुसती फुली मारून पुढे जातो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आठवड्याचे किमान ४५ तास ठरविताना पूर्वतयारी त्यातच धरली आहे. तयारी हेही कामच होय. म्हणून संस्थेने मोकळी तासिका बदली तासासाठी सर्रास काढून न घेता तयारीसाठी व वह्यांसाठी राखावी. पालकांनी रात्रीचा दूरध्वनी सकाळवर ठेवावा. शिक्षकानेही आठवड्यातील एक संध्याकाळ स्वतःच्या मुलांना व वाचनाला द्यावी. त्यात कर्तव्यच्युती नाही. विसावलेला शिक्षकच मागच्या बाकापर्यंत पोहोचतो.