युक्लिडला छापणारा जर्मन



भूमितीच्या पुस्तकात प्रमेयाशेजारी आकृती असायचीच, असे आपण धरून चालतो. पण छपाईच्या आरंभी तसे नव्हते. अक्षरांचे खिळे जुळवता येत. वर्तुळे, त्रिकोण कसे छापायचे?

एर्हार्ट राटडोल्ट हा जर्मनीतील आउग्सबुर्गचा. इटलीत व्हेनिसला त्याने छापखाना काढला आणि १४७६ साली दोन जर्मन भागीदारांसह रेजिओमोंटानुसचे पंचांग छापले. त्याच्या पहिल्याच पानावर, नक्षीच्या चौकटीत, गाव, साल व मुद्रकांची नावे होती. असे पान तेव्हा पुस्तकांना नसेच!

पुढे १४८२ साली त्याने युक्लिडचा ‘मूलतत्त्वे’ हा ग्रंथ प्रथमच छापला. अर्पणपत्रिकेत तो म्हणतो की, व्हेनिसमध्ये गणिताची पुस्तके फारशी निघत नाहीत, कारण आकृत्यांची अडचण. त्याने ती सोडवली; समासात चारशेहून अधिक आकृत्या दिल्या.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ग्रंथ मूळ ग्रीक, परंतु राटडोल्टने छापलेला लॅटिन पाठ ग्रीकवरून आलेला नव्हता. हारून अल्-रशीदच्या काळी हज्जाज इब्न यूसुफ इब्न मतर याने युक्लिड अरबीत आणला. बाराव्या शतकात अरबीवरून लॅटिन भाषांतरे झाली. त्यांच्याच आधारे तेराव्या शतकात कांपानुसने हा पाठ सिद्ध केला. आमच्या पाठ्यपुस्तकांत ग्रीसनंतर एकदम युरोप येतो, मधली पाने गळतात.

१४८६ साली राटडोल्टने आपल्याजवळच्या टाइपांचा नमुना एका कागदावर छापला आणि त्याच वर्षी तो आउग्सबुर्गला परतला. तेथे त्याने मुख्यतः चर्चची प्रार्थनापुस्तके छापली. मात्र १४८९ साली अबू मअशरचा ज्योतिषावरील ग्रंथही काढला.