संशयाविना तपासणी



शाळेच्या गायनवृंदात भाग घ्यावयाचा, तर मुलीने आधी लघवीचा नमुना तपासणीस द्यावा काय? अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, टेकम्से या गावी, १९९८ साली हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. स्पर्धात्मक अभ्यासेतर उपक्रमांत भाग घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची मादक द्रव्यांसाठी तपासणी व्हावी, असा नियम तेथील शाळा-मंडळाने केला. विद्यार्थ्यावर संशय असलाच पाहिजे, अशी अट त्यात नव्हती. गायनवृंदातील एका विद्यार्थिनीने या नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली.

खेळाडूंच्या अशा तपासणीस सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच मान्यता दिली होती. २००२ साली पाच विरुद्ध चार मतांनी त्याने टेकम्सेचा नियमही वैध ठरविला. मुलांचे रक्षण हे शाळेचे कर्तव्य आहे आणि तपासणीचा निष्कर्ष पोलिसांकडे जात नाही, हा बहुमताचा युक्तिवाद उपेक्षणीय खचितच नव्हे.

तथापि न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपल्या भिन्न मतात नेमक्या मर्मावर बोट ठेवले. उपक्रमांत रमणारी मुले व्यसनाकडे वळण्याचा संभव मुळातच कमी असतो. ज्यांचा पाय घसरू पाहतो, त्यांना हेच उपक्रम सावरू शकतात. आणि तपासणीच्या धाकाने नेमकी तीच मुले दूर राहण्याची भीती असते.

शरीरात कोणते द्रव्य आहे, एवढेच नमुना सांगतो. मूल त्या वाटेला का लागले, हे ते स्वतःच सांगू शकते. आणि तेही ज्याच्यावर विश्वास आहे, अशा शिक्षकालाच. तो विश्वास गमावून शाळेने काय मिळविले, याचा विचार व्हावयास हवा.