कॉलेज संपल्यावर खेळायचे कुठे?

हिंगणा म्हटले की नागपूरकरांना एमआयडीसीतले कारखाने आणि हिंगणा रस्त्यावरची अभियांत्रिकी महाविद्यालये आठवतात. या भागात मी संध्याकाळी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो. आज बोलणार आहे ते या मुलांच्या एका प्रश्नाविषयी. कॉलेज संपल्यावर खेळायचे कुठे?

आमच्याकडच्या एखाद्या चांगल्या संघाचे वर्ष कसे जाते पाहा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि दोन-चार गावांचे करंडक, तेही बहुतेक बाद पद्धतीचे. पहिल्या फेरीत हरले की सामान आवरायचे. सराव वर्षभर, सामने मात्र बोटांवर मोजण्याइतके. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी यांच्या संघांत मोजक्यांना जागा मिळते. बाकीचे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी बूट काढून ठेवतात. मुलींचे तर त्याही आधी थांबते.

आपल्या देशात पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३४ पासून आहे. अलीकडच्या काळात तिच्यात दोन स्तर केले गेले. आधीच्या स्पर्धेतले वरचे संघ पहिल्या स्तरात आणि उरलेले दुसऱ्यात. ही सोय चांगली. पण ती आठवड्याभराची, आणि राज्यांच्या व मोठ्या संस्थांच्या संघांपुरती. क्लबांना तिथे जागा नाही. २०२२ मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली, तीत सहा शहरांचे संघ होते. पण एखाद्या क्लबाने खाली जिंकत जिंकत तिथे पोचावे, असा जिना तिला नव्हता. स्पेनमध्ये अव्वल लीगमधले शेवटचे दोन संघ खालच्या लीगमध्ये उतरतात आणि तिथले दोन वर चढतात. त्यामुळे लहान गावाच्या क्लबालाही आशा राहते.

दुसरी श्रेणी म्हणजे कमीपणा, असे काहींना वाटते. त्यांनी आपल्या विदर्भाचे क्रिकेट आठवावे. २००२-०३ च्या हंगामात रणजी करंडकात एलिट आणि प्लेट असे गट झाले. विदर्भ अनेक हंगाम प्लेट गटात खेळला. तोच संघ २०१७-१८ मध्ये विजेता झाला, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. राजस्थानने तर २०१०-११ मध्ये प्लेट गटातून येऊन थेट करंडकच उचलला. खालच्या गटात बरोबरीच्या संघांशी सामने मिळतात, सामन्यांतून खेळाडू घडतो, आणि वर जायची वाट खुली असली की खेळायला अर्थ येतो.

बास्केटबॉलमध्ये हे करायला फार पैसा लागत नाही. बारा खेळाडू एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतात. सामना चाळीस मिनिटांचा. प्रवास वाचवण्यासाठी ही दुसऱ्या श्रेणीची लीग विभागवार असावी. नागपूर, अमरावती, भिलाई, रायपूर, जबलपूर, भोपाळ असे सहा क्लब घ्या. प्रत्येकाशी एकदा आपल्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळले, तर प्रत्येकाला दहा सामने मिळतात. राजेश पटेल यांनी छत्तीसगडच्या मुलींचे संघ घडवले ते भिलाईत, आणि तिथे जायला आपल्याला रेल्वेचे काही तासच लागतात. सामने शनिवार-रविवारी ठेवले तर कारखान्यात पाळी करणारा मुलगाही खेळू शकेल. विभागांचे विजेते शेवटी एकत्र खेळतील आणि त्यांतले पहिले दोन वरच्या लीगमध्ये जातील.

फक्त दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. चढण्या-उतरण्याचा नियम हंगामाआधी लिहून जाहीर करावा आणि शेवटी तो कुणासाठीही वाकवू नये. दुसरे असे, की मुलींची लीग त्याच दिवशी सुरू व्हावी. ‘पुढच्या वर्षी बघू’ नको.

हिंगण्याचा क्लब उद्याच वर जाईल, असे मी म्हणत नाही. पण वर जाण्यासाठी काय करायचे, हे मुलांनी विचारले तर आज मला उत्तर देता येत नाही. ते उत्तर त्यांना मिळायला हवे.