डोक्याचा कच्चा माल
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस गावातून जातो आणि कापड होऊन परत येतो. मधला नफा कुठं राहतो, हे तुम्हाला सांगायला नको. आज दुसऱ्या एका कच्च्या मालाचं सांगतो. तो म्हणजे आपल्या पोरापोरींचं डोकं. वावर विकून, कर्ज काढून त्यांना इंजिनीअर केलं. ती पुण्याला, बंगलोरला गेली. तिथं तयार झालेलं सॉफ्टवेअर आपल्याच दूध संघाला आणि बँकेला विकलं जातं.

मग पोरं इथंच कंपनी का काढत नाहीत? ती म्हणतात, भांडवल नाही. खरं आहे. सरकारने 2016 साली स्टार्टअपसाठी 10,000 कोटींचा निधी जाहीर केला आणि तो सिडबीकडे सोपवला. पण सिडबी हा पैसा थेट पोराच्या हातात देत नाही. ती गुंतवणूक फंडांना देते आणि फंड कंपन्या निवडतात. अशा फंडाची मुदत साधारण 10 वर्षांची असते. दहापैकी बऱ्याच कंपन्या बुडणार आणि एखादी सगळ्यांचं भरून काढणार, असं धरूनच तो चालतो. सावकाश वाढणारा, टिकणारा धंदा त्याच्या कामाचा नाही. यात दुष्टावा नाही, हिशेब आहे. आपला हिशेब वेगळा आहे.

तामिळनाडूतली झोहो पहा. 1996 साली ती दुसऱ्या नावाने सुरू झाली. बाहेरच्या फंडाचं भांडवल घेतलं नाही. गिऱ्हाइकाच्या पैशावर वाढली. 2011 साली तिने चेन्नईपासून दूर, तेनकासीत कचेरी उघडली. पदवी नसलेल्या मुलांना विद्यावेतन देऊन शिकवलं आणि कामाला घेतलं. मालकी हातात होती, म्हणून गावाकडे जायला कुणाची परवानगी लागली नाही.

पण भाबडेपणा नको. तेनकासीला जाताना तिच्या पाठीशी 15 वर्षांचा धंदा होता. नुसती इमारत आणि इंटरनेट दिलं म्हणून कंपनी उभी राहत नाही. आधी गिऱ्हाईक लागतं. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही काही सॉफ्टवेअरची कंपनी नव्हे. तरी 2022 साली तिच्याकडे युरोपातून 310 कोटींचं भांडवल आलं. का? माल, बाजार आणि चोख हिशेब आधी उभा होता म्हणून.

मग गावातल्या पोरांचं पहिलं गिऱ्हाईक कोण? तुम्ही. दूध संघ, पतसंस्था, जिनिंग, उत्पादक कंपनी, सगळीकडे आपलीच माणसं संचालक आहेत. फॅटचा हिशेब, शीतगृहाचं तापमान, ठिबकची वेळ, ही कामं गावच्या पोरांना करून दाखवायला सांगा. आधी थोडं काम द्या. जमलं नाही तर स्पष्ट सांगा. जमलं तर पैसे वेळेवर चुकते करा. 'आपलाच पोरगा आहे' म्हणून फुकट मागू नका, वर्षभर उधारी ठेवू नका. घामाचा दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या घामाचा दाम बुडवायचा नसतो.

आणि पोरांनो, पहिल्याच दिवशी कंपनीचे भाग वाटत सुटू नका. अनुदानाची वाट पाहू नका. बिल फाडायला शिका. ज्याची बिलं वसूल होतात, त्याच्या दारात भांडवल येतं. आणि तेव्हा अटी घालायची ताकद तुमच्याकडे असते.