आदेशातलं शेवटचं वाक्य

एप्रिल उजाडला की कचेऱ्या-कारखान्यांतून उद्दिष्टांचे कागद फिरू लागतात. ‘ग्राहकसेवा सुधारणे’, ‘उत्पादकता वाढवणे’ वगैरे. मार्चअखेर तेच कागद पुन्हा निघतात आणि सुधारणा झाली की नाही यावरच निम्मी मीटिंग संपते. किती, कुणी आणि कधीपासून, हे कुणी लिहिलेलंच नसतं.

कोल्हापूरच्या करवीर दरबारानं मात्र लिहिलं होतं.

१८९४ साली शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर अवघे १०. मग २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत जागा राखणारा आदेश निघाला. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले होते.

‘मागासलेल्यांना प्राधान्य द्यावे’ एवढंच त्यात असतं, तर खातेप्रमुखांनी मान डोलावून कागद फायलीत लावला असता. आदेशानं ती सोयच ठेवली नाही. आकडा दिला : रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के. तारीख दिली : आदेश हाती पडल्या दिवसापासून. मागासलेले म्हणजे कोण, तेही सांगितलं : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. ज्या कचेरीत हे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक याच वर्गांतून व्हायची. आणि सर्वांत जालीम वाक्य शेवटी : प्रत्येक खातेप्रमुखानं झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. आरक्षणाच्या इतिहासात ५० टक्क्यांचा उल्लेख सगळे करतात. या तक्त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण वर्षातून चार वेळा कागदावर सही करून द्यायची म्हटल्यावर टाळाटाळ अवघड होते.

शिवाय उद्दिष्ट आवाक्यातलं होतं. बसलेल्या कुणाला उठवायचं नव्हतं, हिशेब फक्त रिकाम्या होणाऱ्या जागांचा. आता शिकलेले उमेदवार आणायचे कुठून? त्याची तजवीज आधीच सुरू झाली होती. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ सालीच उघडलं होतं. पुढे इतर समाजांची वसतिगृहंही निघाली. साधनं न देता नुसता आकडा माथी मारणाऱ्या साहेबांनी एवढं तरी उचलावं.

आकडा कशाचा मोजायचा, हाही प्रश्न असतोच. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत पाळीला केवळ ‘किती टन ओतलं’ एवढंच विचारलं, तर टन भरतात आणि रिजेक्शनचा ढीगही वाढतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की सुपरवायझर साच्याच्या वाळूतली ओल तपासायला लागतो.

दरबारचा निकाल एका वर्षात लागला नाही. १९१२ सालच्या नोंदीत प्रशासनातल्या ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ होते; म्हणजे सुमारे ८५ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर यायला अठरा वर्षं लागली, त्यातली दहा आदेशानंतरची. पुढे १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. त्यातही मोघमपणा नव्हता : मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड.