रुग्णाच्या हाती ज्ञान : डॉ. आर. डी. लॉरेन्स यांचे जीवितकार्य



मधुमेह हा शब्द आज घरोघरी परिचयाचा झाला आहे. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तरुण वयात हा रोग जडणे म्हणजे मृत्यूची पूर्वसूचनाच असे. इन्शुलिनपूर्वीचा तो अंधार आणि इन्शुलिनोत्तर प्रकाश, दोन्ही स्वतःच्या देहावर अनुभवून त्याच व्याधीच्या संशोधनास व रुग्णसेवेस ज्यांनी आयुष्य वाहिले, ते थोर वैद्य म्हणजे लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील डॉ. रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स. मधुमेहाचे औषध वैद्य देतो, परंतु उपचार मात्र रुग्णाला दररोज स्वतःच स्वतःवर करावे लागतात. म्हणून त्या उपचारांमागचे ज्ञान रुग्णाच्या हाती सोपविणे हे वैद्याचे आद्य कर्तव्य होय, हे त्यांच्या चरित्राचे सार आहे.

लॉरेन्स यांचा जन्म १८९२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे झाला. वैद्यकीय पदवी घेतल्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्याच्या वैद्यकीय दलातून त्यांनी हिंदुस्थानच्या सरहद्दीवर सेवा केली, आणि १९१९ मध्ये आमांशाने जर्जर होऊन ते मायदेशी परतले. शल्यविशारद होण्याची त्यांची आकांक्षा होती. परंतु १९२० मध्ये शवावर कानामागील हाडाच्या शस्त्रक्रियेचा सराव करीत असता हाडाची कपची उडून त्यांच्या डोळ्यात गेली. जखम चिघळली, डोळा अधू झाला, आणि त्याच आजारपणातील तपासणीत त्यांना मधुमेह असल्याचे उघडकीस आले.

त्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. अन्न तोलूनमापून अत्यल्प करावयाचे आणि अर्धपोटी राहून मरण काही काळ पुढे ढकलावयाचे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. लॉरेन्स यांनी शल्यकर्माचा नाद सोडून किंग्ज कॉलेज रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जीवरसायनाचे काम पत्करले. पुढे आप्तांच्या डोळ्यांदेखत मृत्यू येऊ नये म्हणून ते इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत जाऊन राहिले.

दरम्यान कॅनडातील टोरांटो येथे १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन मिळविण्यात यश संपादिले होते, व जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलावर त्याचा प्रथम उपयोग झाला होता. लॉरेन्स यांची प्रकृती खालावत असताना १९२३ च्या मे महिन्यात त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. हॅरिसन यांचा निरोप आला : इन्शुलिन मिळाले आहे, गुण येतो आहे, त्वरित परत या. क्षीण अवस्थेतच मोटारीने युरोप ओलांडून लॉरेन्स लंडनला पोहोचले आणि ३१ मे १९२३ रोजी त्यांना इन्शुलिनची पहिली सुई टोचण्यात आली. त्या दिवसानंतर ते ४५ वर्षे जगले.

हे लाभलेले आयुष्य त्यांनी कसे वेचले? किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांनी उभारलेला मधुमेह विभाग इंग्लंडमधील आद्य व मोठ्या विभागांपैकी एक ठरला. व्यायामाने इन्शुलिनचा प्रभाव वाढतो, हे त्यांनी १९२६ मध्ये मांडले. श्रमानंतर रुग्णाला घेरी का येते, याचा उलगडा त्यातून झाला. मधुमेही गर्भवतींच्या उपचारांवर त्यांनी डॉ. ओकली यांच्यासह लेखन केले. त्वचेखालील चरबी नाहीशी होणाऱ्या दुर्मीळ मधुमेहाचे वर्णन त्यांनी १९४६ मध्ये केले. १९५१ मध्ये डॉ. बॉर्नस्टाइन यांच्यासमवेत, काही रुग्णांच्या रक्तात इन्शुलिन आढळते तर काहींच्या रक्तात ते आढळत नाही, असे दाखवून मधुमेहाच्या दोन प्रकारांतील भेद त्यांनी अधिक स्पष्ट केला.

तथापि त्यांची खरी ओळख रुग्णांना होती ती शिक्षक म्हणून. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द डायबेटिक लाइफ’ या ग्रंथाच्या १४ आवृत्त्या निघाल्या. आहाराचे गणित सामान्य गृहिणीलाही साधावे म्हणून त्यांनी काळ्या व तांबड्या ओळींची पद्धत बसविली. पिष्टमय पदार्थांचे माप काळ्या ओळीत, प्रथिनांचे व स्निग्धांचे तांबड्या ओळीत. दोन्ही ओळींतून ठरलेली मापे निवडली की पान वाढण्यास हरकत नाही. गणिताचा धाक गेला आणि जेवणातील निवड रुग्णाकडे परत आली.

ज्ञान मिळाले, तरी औषध परवडले पाहिजे. या जाणिवेतून लॉरेन्स आणि स्वतः मधुमेही असलेले प्रख्यात लेखक एच. जी. वेल्स यांनी १९३४ मध्ये मधुमेहींची संघटना स्थापन केली. ऐपत असो वा नसो, प्रत्येक रुग्णास इन्शुलिन मिळावे, हा तिचा आग्रह होता. वैद्य आणि रुग्ण तेथे एकाच पंक्तीत बसले. तीच संस्था २००० सालापासून ‘डायबेटिस यूके’ या नावाने ओळखली जाते. १९५० मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचे पहिले अध्यक्षपदही लॉरेन्स यांच्याकडेच आले. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या समाजाने या चरित्रातून काय घ्यावे? आपल्याकडे मधुमेहाचे निदान झाले, की बहुधा ‘गोड बंद’ एवढाच आदेश रुग्णाच्या पदरी पडतो. मग सणाचे पायस ताटातून जाते, परंतु भाताचे वा पावाचे माप कोणी पाहत नाही. सुई टोचून घेणे नशिबी आले, की घरात कुजबुज सुरू होते. उपवर मुलगी असेल तर व्याधी झाकून ठेवली जाते. अशा झाकण्याने रोग हटत नाही, उपचार मात्र चुकतात. ज्यांच्या घरी हा रोग आहे त्यांनी तो उघडपणे समजून घ्यावा, आणि वैद्यांनी प्रत्येक रुग्णासाठी औषधाच्या चिठ्ठीबरोबर चार समजुतीचे शब्द व थोडा वेळ राखून ठेवावा. मृत्यूची वाट पाहत परदेशी गेलेला एक तरुण परत येऊन असंख्यांचा आधार झाला, तो औषधाच्या बळावर आणि त्या औषधाचा उपयोग इतरांना शिकविण्याच्या तळमळीवर. त्यांपैकी औषध आज उपलब्ध आहे. तळमळ मात्र प्रत्येक पिढीस नव्याने जोपासावी लागते.