खोलीत किती आहे?

टोरांटोतल्या आपल्या मंडळाचं निमंत्रण आलं तेव्हा सोबत एक ओळ होती: इथल्या बऱ्याच जणांचे आईवडील अजून गोंदिया, तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव भागात राहतात आणि मे महिना आला की इकडे सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. त्या ओळीमुळे मी आजच्या बोलण्याची दिशा ठरवली. बर्फावरून कसं चालावं हे तुम्हाला सांगायची गरज नाही आणि पन्हं कसं करावं हेही नाही. मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. विदर्भातून कॅनडात आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी ते कधी ना कधी येतं: "थंडीत कपडे चढवता येतात हो, उन्हात किती काढणार?" वाक्य चटकदार आहे, अर्धं खरंही आहे, पण मला ते फार खटकतं. थंडीशी सामना म्हणजे कोट आणि उन्हाशी सामना म्हणजे नशीब, असं त्यातून मनात बसतं. त्या नादात खरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आधी इथली थंडी घेऊ. जानेवारीत टोरांटोत पारा उणे वीसला जातो. पण त्या उणे विसात माणूस प्रत्यक्ष किती वेळ असतो? दारापासून गाडीपर्यंत, स्टेशनपासून ऑफिसपर्यंत. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र तो २१ अंशांत असतो, कारण हिवाळ्यात भाड्याच्या घरात किमान २१ अंश राखणं हे टोरांटोत घरमालकावर महापालिकेच्या नियमानं बंधनकारक आहे. भिंतीत उष्णतारोधक थर आहे, खिडकीला दुहेरी काच आहे, तळघरात फर्नेस आहे, रात्रीतून रस्ता साफ करणारी यंत्रणा आहे. कोट ही या साखळीतली शेवटची कडी. तो स्वतः उष्णता तयार करत नाही, शरीराची आहे ती धरून ठेवतो, एवढंच. जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेक आणि पूर्व ऑन्टारियोत हिमपावसानं विजेचे मनोरे कोसळले. लाखो घरं दिवसेंदिवस अंधारात गेली. तेव्हा कोट सगळ्यांकडे होते, तरी हजारो लोकांना घर सोडून निवारा केंद्रांत जावं लागलं. म्हणजे इथली थंडी सोसली जाते ती कपड्यांच्या जोरावर नाही. ती सोसण्याचं काम समाजानं अंगावरून काढून घरावर, कायद्यावर आणि नगरपालिकेवर टाकलेलं आहे.

आता गोंदियाची थंडी. हो, थंडीच. बाहेरच्यांना गोंदिया म्हटलं की धान, तेंदूपत्ता आणि मे महिन्याची तपन आठवते. पण डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा गोंदियातच नोंदलं जातं. समुद्र खूप दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब आकाशाला देऊन टाकते. त्यात उत्तरेकडून गार वारे आले की पारा सात-आठ अंशांवर उतरतो. सात अंश ऐकून इथल्या मुलांना हसू येईल. या शहरात तेवढ्या तापमानात लोक एप्रिलमध्ये जाकीट काढून फिरतात. पण गोंदियातले सात अंश घराबाहेर थांबत नाहीत. कवेलूच्या फटींतून, दाराखालून, नुसत्या विटेच्या भिंतीतून ते आत येतात आणि पहाटे पाच वाजता खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी हवा दहा-बारा अंशांची असते. हवामान खात्याचा आकडा बाजूला ठेवून खाटेजवळ तापमापक धरला, तर जानेवारीत गोंदियाचा म्हातारा टोरांटोच्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त थंडीत झोपतो. ही तुलना मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळे एक कोडं सुटतं.

ते कोडं म्हणजे जगभरातल्या मृत्यूंचा हिशेब. उन्हाळा अधिक घातक, असं मी म्हणू लागलो की माहीतगार माणूस लगेच आक्षेप घेतो, आणि तो आक्षेप वजनदार आहे. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये २०२१ साली आलेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात प्रतिकूल तापमानाशी जोडलेले मृत्यू जगात वर्षाला सुमारे ५० लाख होते आणि त्यांतले सुमारे ४६ लाख थंडीचे होते. उष्णतेचे पाच लाखांच्या आत. मग आपण उन्हाची चिंता कशाला करायची? मात्र २०१५ च्या 'लॅन्सेट'मधला तेरा देशांचा अभ्यास याच्या शेजारी ठेवून वाचा. त्यात थंडीचे बहुतेक मृत्यू टोकाच्या थंडीचे नव्हते, मध्यम थंडीचे होते. आणि थंडीमुळे जाणाऱ्यांचं प्रमाण गोठणाऱ्या स्वीडनपेक्षा उबदार ऑस्ट्रेलियात जास्त निघालं. जिथे थंडीला शत्रू मानून घरं बांधली तिथे ती कमी मारते. जिथे "आमच्याकडे कुठली आलीय थंडी" म्हणून दुर्लक्ष झालं तिथे ती म्हाताऱ्यांना हळूहळू नेते. तेव्हा हे आकडे थंडी मोठी की ऊन मोठं याचा निकाल देत नाहीत. घर कशासाठी बांधलं होतं, हे ते सांगतात.

हाच नियम उलट बाजूनं तुमच्याच देशात दिसला. २९ जून २०२१ ला ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावी ४९.६ अंश नोंदले गेले. एवढा आकडा गोंदियातसुद्धा ऐकिवात नाही. त्या लाटेत त्या एका प्रांतात ६१९ माणसं गेली आणि त्यांतली ९८ टक्के घरात गेली. निम्म्याहून अधिक एकटी राहणारी होती, बहुतेक वयस्क. ऊब आत कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या घरानं उन्हाळ्यातही तेच केलं.

(इथे पुढच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलं, "म्हणजे ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवण्याला काही अर्थ नाही का?" खिशातल्या कांद्यानं शरीराचं तापमान उतरत नाही. जेवणात खा. मात्र कांदा खिशात टाकणारा माणूस डोक्याला दुपट्टाही बांधतो आणि पाण्याची बाटलीही घेतो. गुण आला तर तो त्यांचा.)

आता गोंदियाच्या उन्हाकडे वळतो. नवतप्यात, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, गोंदियात ४५ अंश असतात. शरीराच्या तापमानापेक्षा बाहेरची हवा गरम झाली की उष्णता टाकायचा एकच मार्ग उरतो, घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ही फार मोठी ताकद आहे. आपला लोखंडी कूलर हेच काम खोलीसाठी करतो. ४५ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर भिजलेल्या गवताच्या ताटीतून येणारी हवा सिद्धांतानं २६ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात तीस-बत्तीस मिळाले तरी माणूस झोपतो. म्हणून कोरड्या मे महिन्याचा उपाय विदर्भानं स्वतः शोधलेला आहे आणि तो स्वस्त आहे. धोका पुढे आहे. जूनच्या मध्यावर पारा ३५ वर येतो, फोनवर आई म्हणते "आता बरं आहे, ढग आलेत", आणि इकडे आपण निश्चिंत होतो. पण ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत कूलरची हवा ३० च्या खाली जाऊच शकत नाही आणि अंगावरचा घामही नीट वाळत नाही. हृदय आणि मूत्रपिंड दुबळी असलेल्या माणसाला हा जून मेपेक्षा जड जाऊ शकतो. तुमच्या काळजीचं कॅलेंडर पंधरा दिवस पुढे न्या.

"आमचे आजोबा तर कूलरशिवाय जगले," हा आक्षेप प्रश्नोत्तरांत तीन वेगवेगळ्या प्रकारे आला. आजोबा कुठल्या घरात जगले ते पाहा. हातभर रुंदीची मातीची भिंत, वर कवेलू, त्यामधून वर निघून जाणारी गरम हवा, पुढे छपरी, अंगणात बाज टाकून झोपायची मुभा. आता त्याच जागी सिमेंटचा स्लॅब आहे किंवा टिन. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहा वाजता ते खाली सोडू लागतो. बाहेर रात्री तीस असले तरी स्लॅबखाली पस्तीस असतात. पक्कं घर हवंच, पावसासाठी, सापासाठी, सन्मानासाठीही. पण त्याच्या छतावर चुन्याचा पांढरा थर हवा. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, पुढे झोपडपट्ट्यांतली छपरं पांढरी करण्याचं काम त्यात आलं. टोरांटोत खोलीच्या किमान तापमानाचा नियम आहे. गोंदियात खोलीच्या कमाल तापमानाला कुणीच जबाबदार नाही. घरकुल देताना भिंत, छत, शौचालय मोजलं जातं. आत किती तापेल हे मोजलं जात नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

आणि ज्यांना घरात बसताच येत नाही त्यांचं काय? एप्रिल-मे हाच तेंदूपत्त्याचा हंगाम. देवरी, सालेकसा, अर्जुनीच्या जंगलात बाया पहाटेच निघतात, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणतात, सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. इथपर्यंत वेळापत्रक शहाणपणाचं आहे, पिढ्यांनी घडवलेलं आहे. मग ते पुडे फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, न्यायचे, मोजून उघड्या जमिनीवर उन्हात मांडायचे. तिथे सावली, पाणी, मीठ-साखरेचं द्रावण असेल की नाही हे ठेकेदाराच्या मनावर. तलाव खोलीकरणाच्या रोजगार हमीच्या कामावरही हेच. "एसी स्वस्त झालेत, प्रश्न सुटेल" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे: फळीवर एसी बसत नाही. तिथे कामाची वेळ आणि मंडप लागतो, आणि दोन्ही हुकमानं होऊ शकतात.

कुणीतरी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा विषय काढला आणि सभा थोडी भरकटली, पण बरं झालं. दिवाळीनंतर धान घरात येतं, हातात पैसा असतो, रात्री मोठ्या असतात. मग वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात आणि हजारो माणसं रात्रभर मंडपात, चादरी-घोंगड्या गुंडाळून, उजाडेपर्यंत नाटक पाहतात. त्याच सात-आठ अंशांत. हे थंडीच्या निरुपद्रवीपणाचं प्रमाण मात्र धरू नका. दाटीवाटीनं बसलेल्या तरण्या माणसांची एक रात्र वेगळी आणि रिकाम्या घरात एकट्या आजीच्या साठ रात्री वेगळ्या.

शेवटचा प्रश्न होता, "मग आम्ही इथून काय करायचं?" फोनवर "आज किती आहे?" विचारू नका, तो आकडा तुमच्या मोबाइलवर आहे. "खोलीत किती आहे?" विचारा, आणि त्यासाठी आर्द्रता दाखवणारा एक साधा तापमापक झोपायच्या खोलीत लावून घ्या. मेमध्ये वरच्या मजल्यावरची खाट खाली आणायला सांगा. कूलर खिडकीत बाहेरची हवा ओढेल असा हवा आणि समोरची खिडकी उघडी हवी. चोरांच्या भीतीनं बंद खोलीत लावलेला कूलर तासाभरात दमटपणा वाढवतो. जूनमध्ये उकाडा दमट झाला की कूलरचं पाणी बंद, पंखा चालू, अंगावर ओला कपडा. घरात एसी असेल तर तो खरा त्या दिवसांत लावायचा. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून घ्या, स्वतःहून बंद करू नका. जानेवारीत खोली सोळाच्या खाली जात असेल तर जाड पांघरूण आणि कानटोपी द्या, दाराखालची फट बुजवा. पण कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू देऊ नका, तिच्या धुरापेक्षा न दिसणारा वायू घातक. आणि मुलांना घेऊन मेच्या लग्नाला जाणार असाल तर शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात; पहिल्या चार दिवसांत दुपारची वरात टाळा, यजमान रागावले तरी.